दिली असती

भवानी पेठेतल्या त्या हायस्कुलात उंबरजे सर इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांच्या वर्गाचा आवाज समोरच्या टॉवेलच्या दुकानापर्यंत जायचा. सर स्वतः कधी आवाज चढवत नसत. ओरडायची ती पोरं. फळ्यावर वाक्य लिहायचं, पोरांकडून ते तालात म्हणवून घ्यायचं आणि मग त्याच वाक्यावर प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत.

"इफ द बस हॅड कम, वी वुड हॅव गॉन," सर म्हणायचे, आणि सगळा वर्ग त्यांच्यामागून म्हणायचा.

"बस आली का?"

"नाही सर!"

"आपण गेलो का?"

"नाही सर!"

"मग आत्ता आपण कुठं आहोत?"

"हितंच हाय की सर!" मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, आणि सरसुद्धा हसायचे.

पोरं बहुतेक मागावर काम करणाऱ्यांची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी. मराठीच अर्ध्यांना शाळेत येऊन कळलेली, तिथं इंग्रजी कुठलं कळायला. सर त्यांना सांगायचे, "नावं काय, पाठ होतात रे. खरी गंमत क्रियापदात आहे. गिरणीचा भोंगा घ्या. 'द व्हिसल ब्लू' म्हटलं तर वाजला कधीतरी, काल वाजला, परवा वाजला, आपण चहा पीत बसायचं. 'द व्हिसल हॅज ब्लोन' म्हटलं की उठा, पळा, फाटक लागेल. भोंगा तोच, वाजणंही तेच. नुसत्या 'हॅज'नं तुमच्या बापाला पळायला लावलं की नाही?"

असे हे सिद्रामप्पा उंबरजे. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं किरकोळ, कपाळावर विभूती आणि बाहीला कायम खडूची भुकटी. घरी बायको गौरम्मा आणि मुलगी शरणम्मा. थोरल्या मुलीचं लग्न होऊन ती गुलबर्ग्याला नांदत होती. शरणम्मा कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिचा विषय इंग्रजी होता. बापाला त्याचा केवढा अभिमान होता ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

सिद्रामप्पांना एक गोष्ट मात्र आयुष्यात कधी जमली नाही. समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं. कुणी पोराचे गुण वाढवा म्हणून आलं तर ते म्हणायचे, "माझ्या हातात असतं तर वाढवले असते हो." कुणी लग्नाला परगावी चला म्हणालं तर, "शाळा नसती तर आलोच असतो." माणूस खूश होऊन जायचा, आणि चार दिवसांनी परत यायचा. गौरम्मा वैतागायची. "तुमच्या त्या 'असतं'पायी लोकांचे हेलपाटे होतात. नाही म्हणा आणि मोकळं व्हा की."

"नाही म्हटलं की माणूस तुटतो, गौरा," ते म्हणायचे.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सिद्रामप्पा सात रस्त्याला काही कामासाठी गेले होते. तिथं त्यांना वैरागचे वीरभद्रप्पा भेटले. आडतीचे व्यापारी, जातीतलंच घर, दूरचं नातंही निघत होतं. त्यांनी हात धरून हॉटेलात नेलं, चहा मागवला आणि सरळ विषय काढला. त्यांचा मुलगा महादेव दुकान बघत होता, निर्व्यसनी होता. शरणम्माला त्यांनी एका लग्नात पाहिलं होतं.

"मास्तर, पोरगी आमच्या घरात द्या. बघा, लेकीसारखी ठिवतो."

सिद्रामप्पांना माणूस आवडला. घर चांगलं होतं यात शंका नव्हती. पण शरणूचं बी.ए. अजून अर्धं व्हायचं होतं, आणि वैरागला गेल्यावर ते होणार नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. पण इतक्या प्रेमानं धरलेला हात झटकायचा कसा? ते म्हणाले, "अहो वीरभद्रप्पा, पोरीचं कॉलेज नसतं, तर तुमच्यासारख्या घरात डोळे झाकून दिली असती. आजच्या आज दिली असती."

वीरभद्रप्पांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला. "बास. एवढं बोलला ह्यात सगळं आलं."

सिद्रामप्पांना वाटलं, समजला बिचारा. परत येताना त्यांना हलकं वाटत होतं. घरी त्यांनी यातलं काही काढलं नाही, कारण काढण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनीच वर्गात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. फळ्यावर ते क्रियापदांचे रकाने लिहीत होते. खडू निसटून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. पोरांना आधी वाटलं, सर काहीतरी करून दाखवताहेत, आणि ती हसली. शेजारच्या वर्गावरून ड्रिलमास्तर राजेसाब धावत आले. त्यांनी सरांना पाठुंगळी मारलं आणि टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि वाचा गेली, असं सगळे म्हणत होते. पण नेमकं काय गेलं होतं ते एकट्या सिद्रामप्पांनाच माहीत होतं.

नावं होती. थोड्या दिवसांनी ती जिभेवरही यायला लागली. पाणी. खिडकी. गौरा. शरणू. ऊन. पण पाण्याचं काय, ते सांगणारा शब्द येत नव्हता. डोक्यात तो असायचा, अगदी जवळ असायचा, आणि हात लावायला जावं तर नसायचा. ते म्हणायचे "पाणी", आणि गौरम्मा पेला तोंडाला लावायची. त्यांना म्हणायचं असायचं, पाणी सांडलंय, अंथरूण ओलं झालंय. पुन्हा "पाणी" म्हणावं तर ती दुसरा पेला आणायची. आयुष्यभर ज्यानं पोरांना सांगितलं की खरी गंमत क्रियापदात आहे, त्याच्याजवळ नेमकी तीच उरली नव्हती. घरच्या कन्नडमध्ये नाहीत, मराठीत नाहीत. त्यात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल झालेली. नाही म्हणायला जावं तर तोंडातून 'हो' पडायचं, आणि मानेचाही भरवसा राहिला नव्हता. त्यांना ते कळायचं आणि ते रडायचे. मग गौरम्मा म्हणायची, दुखत असेल.

एके दिवशी सकाळी शरणम्मा खाटेजवळ बसून अभ्यास करत होती. पुटपुटताना तिच्या तोंडून "गो" आलं, आणि खाटेवरून आवाज आला, "वेंट, गॉन."

तिनं दचकून मान वर केली. "अप्पा? टेक?"

"टुक, टेकन."

"गिव्ह?"

"गेव्ह, गिव्हन."

"अव्वा! अव्वा, लवकर ये! अप्पा बोलले!"

गौरम्मा पिठाच्या हातानं धावत आली, ऐकून रडली, आणि देवापुढं नारळ फोडायला निघाली. राजेसाब संध्याकाळी आले तेव्हा त्यांनाही ते ऐकवून दाखवलं. "माशाल्ला, सर! पुढच्या महिन्यात वर्गावर या," ते म्हणाले. पण डॉक्टरांनी शरणम्माला बाजूला घेऊन सांगितलं, "पाठांतराची खोली वेगळी असते, पोरी, आणि बोलण्याची वेगळी. पाठांतराची खोली शाबूत आहे. त्यातलं त्यांना बाहेर आणून वापरता येईल का, ते मला सांगता येत नाही."

तसंच होतं. कुणी सुरुवात करून दिली की रूपं एकामागून एक घरंगळत यायची, आणि शेवटापर्यंत गेल्याशिवाय थांबायची नाहीत. त्यातलं हवं ते एक उचलून 'मी' या शब्दाशेजारी ठेवता येत नव्हतं.

असं असताना एका सोमवारी वीरभद्रप्पा आले. बरोबर घरातली दोन वडीलधारी माणसं, पिशवीत नारळ, खारीक, फुलं. सिद्रामप्पांची अवस्था बघून त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. खाटेशेजारी बसून त्यांनी मास्तरांचा डावा हात हातात घेतला. मग गौरम्माकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमी आता काळजी करायची न्हाय. मास्तरांनी धडधाकट असताना मला शब्द दिलाय. सात रस्त्याला बसून दिलाय. पोरगी दिली म्हणाले. त्यांच्यावर असा परसंग आला म्हणून मी माघारी फिरणारा माणूस न्हाय."

गौरम्मा उभी होती ती खालीच बसली. नवऱ्यानं एवढी मोठी गोष्ट आपल्याला सांगितली नाही याचं तिला क्षणभर वाईट वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. घरात कमावतं कुणी राहिलं नव्हतं. पोरीचं पुढं काय, या विचारानं तिला झोप नव्हती. आणि हा देवमाणूस स्वतःहून दारात आला होता.

"अहो, खरं का?" तिनं विचारलं. "शरणूला दिली म्हणालात?"

सिद्रामप्पांच्या डोक्यात वाक्य लख्ख उभं होतं. जर कॉलेज नसतं तर दिली असती. एकेक शब्द दिसत होता. त्यांनी सगळं बळ एकवटलं, आणि पहिला शब्द बाहेर आला.

"जर."

"काय?"

"जर… जर…" पुढचं येत नव्हतं. जीभ जड, ओठ एका बाजूला ओढलेला. "जर… शरणू… जर…"

वीरभद्रप्पांनी कान जवळ नेला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "जर! वहिनी, ऐकलं का? पोरीला जरीचं लुगडं पायजे म्हणत्यात! आवो मास्तर, घेऊ की! अस्सल जर घेऊ. भरपूर जर असलेला शालू घेऊ. तुमी फकस्त बरं व्हा."

सगळे हसले. हसता हसता गौरम्मानं डोळे पुसले. सिद्रामप्पा डावा हात हवेत हलवत "जर, जर" म्हणत राहिले, आणि जितकं म्हणतील तितकं सगळ्यांना आजारी बापाच्या मायेचं भरून येत गेलं. शेवटी ते गप्प झाले. साखरपुडा माघात करायचं ठरलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी शरणम्मा उभी होती. ती हसली नव्हती. तिनं बापाकडं एकदाच पाहिलं, आणि ती आत वळली.

त्या दिवसापासून ती खाटेजवळ बसायची बंद झाली. औषध द्यायची, अंग पुसायची, भाकरी कुस्करून भरवायची, सगळं करायची. पण बोलायची नाही, आणि पुस्तक घेऊन तर त्या खोलीत येतच नव्हती. सिद्रामप्पांना अंगावरून वारं गेल्याचं दुःख तेव्हा झालं नव्हतं तेवढं आता झालं. एकदा त्यांनी खुणेनं पाटी मागवली. डाव्या हातानं, घामाघूम होत, वेडीवाकडी अक्षरं काढली. 'शरणू. कॉलेज.'

शरणम्मानं वाचलं. "कॉलेज काय, अप्पा? सोड म्हणता?"

त्यांनी मान हलवली. ती कशी हलली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"कळलं," ती म्हणाली. पाटी पुसून तिनं कोनाड्यात ठेवली.

पुढच्या आठवड्यात दुपारी ती पुस्तकांचा गठ्ठा बांधायला बसली. खालच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला ती द्यायची होती. फळीवरची पुस्तकं काढताना सिद्रामप्पांचं जुनं, पाठपुठ्ठा निघालेलं व्याकरणही तिच्या हातात आलं, आणि ते तिनं गठ्ठ्यावर टाकलं. खाटेवरून सिद्रामप्पांनी डावा हात लांब करून ते पुस्तक धरलं. ती ओढायला लागली. ते सोडेनात.

"अप्पा, सोडा. मला काय करायचंय आता याचं?"

"इफ," सिद्रामप्पा म्हणाले.

तिचा हात थांबला.

"इफ," ते पुन्हा म्हणाले. "इफ. इफ."

ते स्वतःही चकित झाले होते. मराठीतला शब्द लोकांनी लुगड्यात गुंडाळून टाकला होता, आणि हा दुसरा आपण होऊन आला होता. शरणम्मानं पुस्तक सोडलं. लहानपणी बापाचं बोट धरून शाळेत जायची तेव्हापासून तिला तो ताल पाठ होता. तिच्या तोंडून नकळत निघालं, "इफ द बस हॅड कम…"

"वी वुड हॅव गॉन," सिद्रामप्पांनी पूर्ण केलं.

"बस आली का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तराचा भरवसा नव्हता. त्यांनी नुसते डोळे तिच्या डोळ्यांवर रोखले, आणि त्यांचा श्वास जोरजोरात चालायला लागला. शरणम्मा खाटेच्या कडेवर बसली.

"अप्पा, तुम्ही सात रस्त्याला काय म्हणालात? गिव्ह…"

"गेव्ह, गिव्हन."

"थांबा. घाई करू नका. गेव्ह म्हणालात? दिली म्हणालात? का," ती थांबली, "वुड हॅव…"

"गिव्हन," सिद्रामप्पा म्हणाले. "वुड हॅव गिव्हन. वुड हॅव गिव्हन. इफ… कॉलेज… इफ…" आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

"दिली असती म्हणालात. म्हणजे दिली नाही. अप्पा, तुम्ही मला दिली नाही!" तिनं त्यांचं डोकं छातीशी धरलं.

गौरम्मानं ते ऐकून घेतलं आणि ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "असेल. 'दिली असती' म्हणाले असतील. त्यांची सवय मला नवी आहे का? पण पोरी, दिली असती म्हणजे द्यायचं मनात होतं, होय की नाही? घर पसंत होतं. माणूस पसंत होता. कॉलेज आडवं आलं, एवढंच. आता बापाची ही दशा. अजून कॉलेज आडवं येतंय का?"

आतल्या खोलीत पडून सिद्रामप्पांनी सगळं ऐकलं. गौरा चुकीचं बोलत नव्हती. व्याकरण एवढंच सांगतं की दिली नाही. मनात काय होतं ते व्याकरण सांगत नाही. होतं का मनात? त्यांनी स्वतःला विचारलं. कॉलेज नसतं तर खरंच दिली असती का, की नुसतं गोड बोललो? आणि दिली असती, तर शरणूला विचारून दिली असती का? हा शेवटचा प्रश्न त्यांना हॉटेलात चहा पिताना पडला नव्हता. आज पडला, आणि तो काही केल्या हलेना.

साखरपुड्याआधी वीरभद्रप्पा बस्त्याचं ठरवायला आले तेव्हा शरणम्मा पदर खोचून स्वतःच पुढं झाली. राजेसाबही त्या वेळी सरांचा पाय चोळत बसले होते. ते उठून निघाले, तर तिनं त्यांना थांबायला सांगितलं. तिनं सगळं नीट, शांतपणे सांगितलं. अप्पांचा शब्द काय होता, आणि त्याचा अर्थ काय.

वीरभद्रप्पा रागावले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. "पोरी, मी बाजारातला माणूस. सौद्यात कुणी 'दिलं असतं' म्हणून हातात हात दिला, तर त्ये दिलंच. त्यावर आमी गाड्या भरतो. तू आता इंग्रजीतनं मला सांगतीस की दिलं न्हाय." ते खाटेकडं वळले. "मास्तर, हिचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या तोंडानं सांगा. तुमी म्हणाल त्ये मला मान्य. पोरगी दिली का न्हाय?"

सिद्रामप्पांनी डोळे मिटले. आयुष्यात ज्याला टाळत आले तो एक शब्द त्यांना आता हवा होता. त्यांनी तो डोक्यात धरला, घट्ट धरला, जिभेपर्यंत आणला.

"हो," ते म्हणाले.

गौरम्मानं तोंडाला पदर लावला. सिद्रामप्पांचे डोळे भीतीनं मोठे झाले. "हो… हो… हो…" जितकं मागं घ्यायला जावं तितकं तेच येत होतं.

"काका, त्यांचं हो आणि नाही उलटं होतं हो," राजेसाब कळवळून म्हणाले. "खुदा कसम, मला रोज दिसतं. भूक लागली असली की नाही म्हणतात."

"मग मी कशावर इश्वास ठिवायचा?" वीरभद्रप्पांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"माझ्यावर," शरणम्मा म्हणाली. "काका, अप्पांनी दिली असेल, नसेल, दिली असती. ते सगळं राहू द्या. मी येत नाही. मला तुमच्या घरी यायचं नाही. तुमचं घर वाईट म्हणून नाही. मला शिकायचंय."

वीरभद्रप्पा जागचे उठले. मग त्यांनी टोपी घातली. चहा पुढं आला होता, तो त्यांनी घेतला नाही. दाराशी थांबून ते गौरम्माला म्हणाले, "हे पयल्या दिवशी बोलली असती तर बरं झालं असतं, वहिनी. आजाऱ्याला उगंच कोर्टात उभं केल्यावानी झालं. चुकलं आमचं." आणि ते गेले.

ते स्वतः पुन्हा कधी वावगं बोलले नाहीत. पण नात्यातले बोलले. बापाचा दिलेला शब्द पोरीनं मोडला, असं झालं. लकवा मारलेल्या माणसाच्या तोंडात इंग्रजी कोंबून मोडला, असंही झालं. गुलबर्ग्याच्या लेकीच्या सासरीही ते पोचलं, आणि तिला दोन वर्षं माहेरी पाठवलं नाही. शरणम्माला पुन्हा स्थळ आलं नाही. गौरम्मा लेकीशी कामापुरतं बोलायची. संध्याकाळी चादरीच्या कडेचे गोंडे बांधायची कामं ती घरी आणायची. बांधता बांधता मध्येच थांबून ती शून्यात बघायची, आणि सिद्रामप्पांना ते खाटेवरून दिसायचं. तिची समजूत घालायला त्यांच्याजवळ एक धड वाक्य नव्हतं. महादेवचं लग्न त्याच उन्हाळ्यात बार्शीकडच्या मुलीशी झालं. पत्रिका आली. कुणी गेलं नाही.

शरणम्मा सकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि मग कॉलेजला जायची. शिकवणीची पोरं सिद्रामप्पांच्याच खोलीत बसायची. ती क्रियापद म्हणायची, आणि पोरांच्या आधी खाटेवरून उत्तर यायचं. पोरांना त्याची मजा वाटायची. सिद्रामप्पांना वाटायची का, ते कुणी विचारलं नाही.

वर्ष-दीड वर्षानं त्यांच्या जिभेवर काही क्रियापदं परतली. पण आली ती फक्त आज्ञा होऊन. "दे." "बस." "ऊठ." "उघड." दुसरं कुठलंच रूप नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला काही फर्मावलं नव्हतं, तो आता फर्मावण्यापलीकडं काही बोलू शकत नव्हता. पाहुणे आले की ते म्हणायचे "बस," आणि मोठ्या माणसाला अरेतुरे केल्यासारखं होऊन त्यांचं त्यांनाच ओशाळं व्हायचं. गौरम्माला सुरुवातीला ते फार लागायचं. "भाकरी दे, पाणी दे, मी काय मोलकरीण आहे?" असं ती एकदा म्हणाली, आणि मग त्यांचा चेहरा बघून तिनं पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती मोकळेपणानं रडली. शरणम्मालाही जवळ बोलावून घेतलं.

बी.ए. झालं, मग बी.एड. झालं. सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये शरणम्माला करमाळ्याकडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. तिथंच खोली घेऊन राहायचं होतं. सकाळच्या एस.टी.नं जायचं ठरलं. राजेसाबांनी तिची ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली. सिद्रामप्पांना उचलून दारातल्या खुर्चीवर बसवलं होतं. शरणम्मा त्यांच्या पाया पडली.

"येते, अप्पा."

सिद्रामप्पांनी तोंड उघडलं. गावाला निघालेल्याला काय म्हणायचं ते त्यांना माहीत होतं. जीभ इकडंतिकडं फिरली, आणि एकच शब्द घेऊन परत आली.

"जा."

"अय्यो, काय बोलताय!" गौरम्मा धास्तावून पुढं झाली. "निघालेल्या माणसाला जा म्हणतात का? ये म्हणा. शरणू, त्यांचं मनावर घेऊ नको. होगि बा, जाऊन ये, पोरी."

शरणम्मा बापाकडं बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा होता, आणि त्याखाली आणखी काहीतरी. तिनं ते वाचायचा प्रयत्न केला. नीट वाचता आलं नाही.

"जा," ते पुन्हा म्हणाले, या वेळी थोडं मोठ्यानं.

ती निघाली. राजेसाब सायकल हातात धरून पुढं, ती मागं. पेठेतले माग चालू झाले होते, त्या खडखडाटात तिनं वळून काही म्हटलं असेल तर ते दारापर्यंत पोचलं नाही. गौरम्मा आत गेली. सिद्रामप्पा खुर्चीत बसून ओठ हलवत राहिले. 'ये' हा इतका लहान शब्द, नुसतं एक अक्षर. रस्त्यावर ऊन चढेपर्यंत ते त्याच्यामागं होते.